ड्रायव्हर अजून आलेला नाही

"माझं नाव ऐकलं की गुन्हेगाराला घाम फुटतो. मी पुराव्याच्या मागे धावत नाही, पुरावाच मला शोधत येतो. माझ्या नजरेतून सुईचं नेढं सुटत नाही आणि कानातून मुंगीचा खोकला. रहस्य कितीही गुंतागुंतीचं असो, मी त्याच्याकडे एकदा रोखून पाहिलं की ते स्वतःहून सुटतं."

हा मजकूर दुर्बीणरावांनी स्वतः रचून, स्वतःच्या अक्षरात लिहून, दारावर लावला होता. बाहेरच्या बाजूला लावायला बायकोने सक्त मनाई केल्यामुळे तो आतल्या बाजूला होता. त्यामुळे आपण नेमकं कुणाला भेटून निघालो, हे माणसाला घराबाहेर पडताना कळायचं.

दुर्बीणरावांची एकतीस वर्षं वाचनालयात गेली होती. कुणाकडे कोणतं पुस्तक अडकलंय ते वहीतून काढायचं आणि त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं, हे त्यांचं काम. त्यांना पाहून लोक खरोखरच लपायचे. निवृत्त झाल्यावरही लोक लपतात हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्याचा अर्थ त्यांनी आपल्याला सोयीचा लावला. गळ्यात दुर्बीण अडकवली, खिशात वही टाकली आणि ते गुप्तहेर झाले. टोपणनाव लोकांनी ठेवलं.

प्रत्येक मोठ्या गुप्तहेराला साहाय्यक लागतो. दुर्बीणरावांना साडू होता. त्यांची बायको थोरली बहीण, साडूभाऊंची धाकटी. साडूभाऊ दातांच्या कवळ्या बनवायचे. शांत, सरळ आणि कुणाला नाही म्हणता न येणारा माणूस. "ताईंच्या यजमानांबरोबर जात जा हो," असं त्यांना बायकोने सांगितलं होतं, "निदान ते घरी परत तरी येतील." या एका वाक्यापायी साडूभाऊ गेली चार वर्षं दुर्बीणरावांच्या मागे वही घेऊन फिरत होते.

ज्या प्रकरणाची ही गोष्ट आहे, ते सुरू झालं लॉन्ड्रीत. दुर्बीणराव शर्ट आणायला गेले होते. लॉन्ड्रीच्या वर एडिटरबाईंचा स्टुडिओ. लोकांनी काढलेली चित्रीकरणं कापून, जोडून, नीटनेटकी करून देण्याचा त्यांचा धंदा. त्या जिन्यात उभ्या राहून फोनवर तावातावाने बोलत होत्या.

"एकवीस दिवस झाले! ड्रायव्हर अजून आलेला नाही. रोज तेच ऐकतेय, येईल, येईल. अहो, ड्रायव्हर नाही तर डबा चालणार कसा?"

दुर्बीणरावांच्या हातातून शर्ट गळून पडला.

"साडूभाऊ," ते कुजबुजले, "माणूस बेपत्ता आहे. वही काढा."

साडूभाऊंनी आधी शर्ट उचलला, मग वही काढली. एडिटरबाईंचा फोन संपेपर्यंत दोघं जिना चढून वर पोचले होते.

"बाई, घाबरू नका," दुर्बीणराव म्हणाले. "मी आलोय. तुमचा ड्रायव्हर मी शोधून देतो."

एडिटरबाईंच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. एकवीस दिवसांत 'मी शोधून देतो' म्हणणारा हा पहिलाच माणूस. "मिळाला तर उपकार होतील हो," त्या म्हणाल्या. "मी सगळीकडे शोधून थकले."

"शेवटचा कधी दिसला?"

"अपग्रेडच्या आदल्या दिवशी. तोपर्यंत अगदी व्यवस्थित होता."

"स्वभाव?"

बाईंना प्रश्न जरा विचित्र वाटला, पण त्या थकलेल्या होत्या. "जुना होता, पण भरवशाचा. कधी अडला नाही, कधी कटकट नाही."

"वय?"

"सात वर्षं."

साडूभाऊंची पेन्सिल थबकली. दुर्बीणरावांनी भुवया वर केल्या. "सात वर्षांच्या ड्रायव्हरला लायसन कुणी दिलं?"

"लायसन माझ्या नावावर आहे."

"अस्सं!" दुर्बीणरावांनी साडूभाऊंकडे अर्थपूर्ण पाहिलं. "त्याचं कुणाशी वाकडं होतं का?"

"नव्या व्हर्जनशी. ते आलं आणि याने मान टाकली. दोघांचं अजिबात जुळत नाही."

"नवं व्हर्जन परदेशी?"

"हो, कंपनी परदेशीच आहे."

"आणि तुम्ही पुन्हा जुन्याकडे का जात नाही?"

"मागे जायचा रस्ताच बंद केलाय त्यांनी."

"नाकाबंदी," दुर्बीणराव पुटपुटले. साडूभाऊंनी ते लिहून घेतलं, कारण लिहिलं नाही तर पुन्हा ऐकावं लागायचं.

जिना उतरताना साडूभाऊंनी भीत भीत शंका काढली. "मला वाटतं, त्या वेगळ्याच ड्रायव्हरबद्दल बोलत होत्या. कॉम्प्युटरमध्ये काहीतरी..."

"साडूभाऊ, माणूस कॉम्प्युटरमध्ये मावतो का?"

साडूभाऊंनी वही मिटली. ते स्वतः दोन बोटांनी टाइप करणारे होते आणि जबड्याच्या बाहेरचं त्यांना फारसं काही कळत नव्हतं.

दोघं टेम्पोच्या तळावर गेले. तिथे बारा टेम्पो आणि तेरा माणसं होती. त्यामुळे 'कुणी कमी आहे का' हा प्रश्न बाजूला पडून 'जास्त कोण आहे' हा उभा राहिला. तेरावा नुसताच गप्पा मारायला बसलेला न्हावी निघाला. एका टेम्पोत मागे पोत्यांवर एक लठ्ठ गृहस्थ तोंडावर टोपी ठेवून गाढ झोपले होते. दुर्बीणरावांनी त्यांची टोपी उचलली.

"तुम्ही ड्रायव्हर?"

"हो. का?"

"अनेक दिवसांपासून तुमची कुणीतरी वाट बघतंय."

त्या गृहस्थांच्या आयुष्यात हे वाक्य पहिल्यांदाच कुणी म्हटलं असावं. ते मुकाट्याने उठले, केस सारखे केले आणि मागोमाग चालू लागले. साडूभाऊंनी सवयीने त्यांच्या दातांकडे पाहिलं. दात उत्तम होते. पन्नाशीचा माणूस सात वर्षांचा कसा, हे त्यांनी विचारलं, तेव्हा "नोकरीची सात वर्षं हो," असं दुर्बीणरावांनी चालता चालता मिटवून टाकलं.

"हा घ्या तुमचा ड्रायव्हर," स्टुडिओच्या दारात दुर्बीणरावांनी जाहीर केलं.

"सामान कुठलं न्यायचंय?" ड्रायव्हरने विचारलं.

एडिटरबाईंनी आधी त्याच्याकडे, मग दुर्बीणरावांकडे, मग छताकडे पाहिलं. त्या इतक्या हसल्या, की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. मग हसता हसताच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते हसण्याचं नव्हतं हे साडूभाऊंना कळलं. त्यांनी माठातलं पाणी आणून दिलं.

बाईंनी मग सगळं नीट सांगितलं. टेबलावर एक काळा डबा होता, पुस्तकाएवढा. जुनी व्हिडिओ कॅसेट एका बाजूने व्हीसीआरमध्ये लावायची, व्हीसीआरची वायर या डब्यात आणि डब्याची वायर कॉम्प्युटरमध्ये, म्हणजे जुनं चित्र कॉम्प्युटरमध्ये उतरतं. या डब्याची भाषा कॉम्प्युटरला समजावून सांगणारा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक निळं बटण रोज लुकलुकायचं, 'नवं व्हर्जन तयार आहे' म्हणून. बाईंनी एके दिवशी कंटाळून ते दाबलं. तेव्हापासून कॉम्प्युटर डब्याला ओळख दाखवत नव्हता.

"म्हणजे दुभाष्या रुसलाय," साडूभाऊ म्हणाले.

"अगदी तसंच. आणि नव्या व्हर्जनला समजेल असा दुभाष्या कंपनी पाठवतच नाहीये."

"माझा पहिल्यापासून हाच अंदाज होता," दुर्बीणराव म्हणाले. "या गृहस्थांना मी फक्त तुलनेसाठी आणलं."

तुलनेसाठी आणलेले गृहस्थ पाणी पिऊन निघून गेले.

बाईंची घाई उगाच नव्हती. डब्यापाशी जी कॅसेट पडून होती, ती पोहणाऱ्या आजींची. गावातल्या निम्म्या लोकांना आजींनीच पोहायला शिकवलेलं. अडतीस वर्षांपूर्वी त्या समोरच्या बेटापासून किनाऱ्यापर्यंत एकट्या पोहत आल्या होत्या. त्या वेळी ना पंच होते ना वर्तमानपत्रवाले. होडीत फक्त नावाडी होता, जो आता हयात नव्हता, आणि कॅमेरा घेऊन बसलेला नवरा, जो मागच्या वर्षी गेला. येत्या रविवारी तरणतलावाच्या सभागृहात भिंतीवर मानाची पाटी लागणार होती. तिच्यावर आजींचं नाव घालायचं की नाही, ते या कॅसेटवर ठरायचं होतं. तलावाचे सेक्रेटरी म्हणाले होते, "ऐकीव गोष्टी दगडावर कोरता येत नाहीत." आणि आज गुरुवार होता.

"सेक्रेटरी," दुर्बीणराव उद्गारले. "कॅसेट दिसली नाही तर फायदा कुणाचा? त्याचाच. यात त्याचा हात आहे."

"कंपनी परदेशातली आहे," साडूभाऊ म्हणाले. "सेक्रेटरींचा हात तिथवर कसा पोचेल?"

"पोहणाऱ्याचे हात लांब असतात, साडूभाऊ."

सेक्रेटरींकडे जाण्याआधी दुर्बीणरावांनी कंपनीलाही सोडलं नाही. त्यांनी मदतीच्या नंबरावर फोन लावला. तिकडून एक गोड आवाज आला, 'आपली प्रतीक्षा आमच्यासाठी मोलाची आहे', आणि मग सतार वाजू लागली. चाळीस मिनिटं ती वाजली. दुर्बीणरावांनी तेवढ्यात दोन वेळा 'गुन्हा कबूल करा' म्हणून पाहिलं. सतारीने केला नाही. मग एडिटरबाईंनी त्यांना कॉम्प्युटरवर एक पान दाखवलं. तिथे जगभरातले असेच अडकलेले लोक आपापली कैफियत लिहायचे. 'थकलेला' अशा नावाने कुणीतरी रोज सकाळी विचारायचा, 'आला का?' आणि कुणीतरी दुसरा रोज उत्तर द्यायचा, 'नाही.' बाकी काही नाही.

"हे दोघे सांकेतिक भाषेत बोलतायत," दुर्बीणराव म्हणाले.

"ते दोघे वाट बघतायत," एडिटरबाई म्हणाल्या. "त्यातला थकलेला मीच आहे."

शुक्रवारी सकाळी गुप्तहेर आणि साडू तरणतलावावर पोचले. सेक्रेटरींची खोली तलावाच्या काठावरच. सेक्रेटरी उंच, शिस्तीचे, आणि त्यांच्या तोंडात साडूभाऊंनीच बनवलेली कवळी. त्यामुळे ते साडूभाऊंशी नेहमी जरा जपून बोलत.

"माझं आजींशी काही वैर नाही," ते म्हणाले. "मला स्वतःला त्यांनीच पोहायला शिकवलंय, अक्षरशः ढकलून. पण समिती विचारते पुरावा कुठे, तर मी काय दाखवू? माझा विश्वास?"

"सुंदर बोललात. फारच सुंदर," असं म्हणत दुर्बीणराव डोळ्यांना दुर्बीण लावून, संशयिताचं संपूर्ण निरीक्षण करता यावं म्हणून, एकेक पाऊल मागे सरकू लागले. दुर्बिणीतून सेक्रेटरींची उजवी नाकपुडी तेवढी दिसत होती. ते आणखी मागे गेले. साडूभाऊ "अहो" म्हणेपर्यंत मोठा आवाज झाला आणि गुप्तहेरांच्या जागी पाणी दिसू लागलं.

दुर्बीणरावांना पोहता येत नव्हतं. त्यांची टोपी वर आली, वही वर आली, ते येईनात. साडूभाऊंनी चपला काढल्या, पण त्यांनाही पोहता येत नव्हतं हे त्यांना चपला काढल्यावर आठवलं. तेवढ्यात पलीकडच्या काठावरून कुणीतरी पाण्यात शिरलं. पाणी उडालं नाही, आवाज झाला नाही. पाच-सात हातांत ती व्यक्ती इथवर आली, खाली गेली आणि दुर्बीणरावांना कॉलरला धरून वर घेऊन आली.

त्या आजी होत्या. वय एकोणऐंशी.

"हा पुस्तकवाला ना?" दुर्बीणरावांना काठावर पालथं घालत त्यांनी विचारलं. "माझ्याकडे एकदा आला होता. पुस्तक वाचून झालं नव्हतं तरी घेऊन गेला." आणि पाठीत अशी थाप मारली, की सगळं पाणी एकदम बाहेर आलं.

साडूभाऊंनी आभार मानले. मग राहवलं नाही म्हणून कॅसेटचं विचारलं.

"पाटीचं मला काही नाही हो," आजी केस पिळत म्हणाल्या. "मी पोहले ते मला माहीत आहे. ह्यांनी हौसेने काढलं होतं. काढलं आणि बघायच्या आधीच आमचा व्हीसीआर बिघडला. तेव्हापासून उद्या दुरुस्त करू, उद्या करू. एकदा बघायचं होतं दोघांनी मिळून." त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "आता एकटीने तर एकटीने."

परतताना साडूभाऊ ओली वही झटकत चालले होते. दुर्बीणराव चालता चालता ठिबकत होते आणि आपण मुद्दाम बुडी मारून तळाची तपासणी केल्याचं सांगत होते.

शनिवारी सकाळी एडिटरबाईंनी कॉम्प्युटर सुरू केला. 'आला का?' 'नाही.' त्यांनी डब्याची वायर चौऱ्याऐंशी वेळा काढून घातली असेल, ती पुन्हा एकदा काढून घातली. 'उपकरण सापडले नाही', स्क्रीन म्हणाली. दुर्बीणरावांनी नवा सिद्धान्त मांडला, की डब्याची अदलाबदल झाली आहे. खोलीत चोर येऊन गेला असेल तर जमिनीवर ठसे असणार. ते ठसे उठून दिसावेत म्हणून त्यांनी सगळ्या खोलीत टाल्कम पावडर शिंपडली, आणि चोर कसा चालला असेल ते दाखवायला स्वतः धाडधाड चालू लागले. ठसे मिळाले. सगळे त्यांचेच होते.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली आणि लॉन्ड्रीवाल्या काकू हातात इस्त्री केलेला पांढरा शर्ट घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"कोण नाचतंय वर? छताचं प्लास्टर पडतंय माझ्या कपड्यांवर! हा शर्ट तिसऱ्यांदा इस्त्री करते आहे मी."

"काकू, तपास चालू आहे," दुर्बीणराव म्हणाले.

"कसला?"

एडिटरबाईंनी सांगितलं. डबा, ड्रायव्हर, व्हर्जन, उद्याचा रविवार. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग टेबलावर पाहिलं.

"ही कॅसेट बिघडली आहे का?"

"नाही. कॅसेट ठणठणीत आहे."

"मशीन बिघडलंय?"

"व्हीसीआर? नाही, तोही चालतो."

"मग टीव्हीला का नाही लावत?"

एडिटरबाईंनी कॅसेटकडे पाहिलं, मग व्हीसीआरकडे. खाली लॉन्ड्रीत मशीन गरगरत होतं, ते तेवढं ऐकू येत होतं.

"आमच्याकडे पूर्वी तसंच लावायचे," काकू म्हणाल्या, आपलं काही चुकलं की काय अशा आवाजात. "पिवळी वायर पिवळ्यात, लाल लालमध्ये. लोकांना बघायचंच आहे ना?"

"पण... एडिटिंग," एडिटरबाई अडखळल्या. "सुरुवातीला नावं टाकायची होती. हलणारं सगळं कापणार होते मी. आवाज काढून मागे व्हायोलिन लावणार होते."

"व्हायोलिन वाजवत पोहल्या का त्या?" काकूंनी विचारलं, शर्ट झटकला आणि त्या खाली गेल्या.

एडिटरबाई मटकन बसल्या. बावीस वर्षं त्या याच धंद्यात होत्या, आणि चित्र कॉम्प्युटरमध्ये न घालताही बघता येतं, ही गोष्ट त्यांच्या डोक्यातून साफ पुसली गेली होती. साडूभाऊंना हसू फुटलं. चार वर्षांत तपास चालू असताना ते प्रथमच हसत होते. शेवटी बाईही हसायला लागल्या.

"मी हेच सुचवणार होतो," दुर्बीणराव म्हणाले. "योग्य वेळेची वाट बघत होतो."

रविवारी सभागृह भरलं होतं. तिथला प्रोजेक्टर इतका जुना, की त्याला पिवळं-लाल भोक अजून शिल्लक होतं. एडिटरबाईंनी वायरी जोडल्या. आजी पहिल्या रांगेत, साडी नेसून, जरा अवघडलेल्या. सेक्रेटरी वही घेऊन बाजूला उभे.

पडद्यावर आधी मुंग्या आल्या, मग समुद्र. चित्र सारखं हलत होतं. बेट, खडक, खडकावर उभी असलेली एक तगडी बाई, आणि तिने उडी घेतली. मग पाणीच पाणी आणि त्यात एक डोकं. आणि मग आवाज आला. माणूस दिसत नव्हता, कारण कॅमेरा त्याच्याच हातात होता.

"सव्वा तास झाला. बाई मजेत आहे. मला होडी लागली आहे."

सभागृह हसलं. आजींनी पदर तोंडाला लावला.

"दोन तास दहा मिनिटं. भरती उलटली. मी म्हटलं परत जाऊ या, तर तिने मला जे म्हटलं ते इथे सांगता येणार नाही."

पाण्यातून खरंच एक आवाज आला आणि तिने ते पुन्हा म्हटलं. सेक्रेटरींनी घाईने वहीत डोकं घातलं. आजी शिक्षा म्हणून तलावाला फेऱ्या मारायला लावायच्या, तेव्हा तेच शब्द त्यांनी लहानपणी ऐकले होते.

तीन तास, चार तास, साडेचार. तो माणूस दर वेळी घड्याळ कॅमेऱ्यासमोर धरायचा, मग बेट किती मागे राहिलं ते दाखवायचा. त्याचा आवाज हळूहळू बसत गेला. शेवटी तो वेळ सांगायचाही विसरला आणि नुसतं "ये, ये, ये, ये" म्हणत राहिला. किनारा आला. बाई गुडघाभर पाण्यात उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली, आणि चालत बाहेर आली.

टाळ्या थांबेनात. सेक्रेटरींनी वही मिटली. "कोरा," ते समितीच्या लोकांना म्हणाले, आणि त्यांची कवळी जरा हलली. मग ते प्रोजेक्टर बंद करायला पुढे झाले, कारण पडद्यावर आता नुसती वाळू दिसत होती, तीही आडवी. त्या माणसाने टॉवेल घेऊन धावताना कॅमेरा खाली टाकला होता.

"बंद केलास का तो?" वाळूतून बाईचा आवाज आला, धापा टाकत.

"केला, केला," तो म्हणाला. त्याने केला नव्हता.

"राहू द्या," आजी म्हणाल्या. सेक्रेटरी थांबले. "बसा खाली."

ते बसले. पडद्यावर वाळू होती, होडीचा एक कोपरा होता, आणि मधूनच एखादा पाय. बाई थंडीने कुडकुडत होती. तो तिचे तळवे चोळत होता, असं वाटत होतं. "दुखतंय का?" "नाही." "खोटं बोलू नकोस." "दुखतंय." मग थर्मासचं झाकण पडल्याचा आवाज, मग तिचं हसणं. मग बराच वेळ नुसता समुद्र. मग तो म्हणाला, "मला वाटलं होतं तू गेलीस. तिसऱ्या तासाला. मी कॅमेऱ्यात वेळ सांगत होतो ना, ते घाबरून सांगत होतो." नाक ओढल्याचा आवाज आला, कुणाचा ते कळलं नाही.

एडिटरबाई प्रोजेक्टरपाशी उभ्या होत्या. हे सगळं आपण कापलं असतं, एवढंच त्या साडूभाऊंना हळूच म्हणाल्या.

दुर्बीणराव साडूभाऊंकडे झुकले. "साडूभाऊ, त्या वाळूत डाव्या कोपऱ्यात बघा, तिथे मला एक संशयास्पद..."

"गप्प बसा," साडूभाऊ म्हणाले.

दुर्बीणरावांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी दुर्बीण गळ्यातून काढली, मांडीवर ठेवली, आणि अकरा मिनिटं, कॅसेट संपेपर्यंत, सगळ्यांबरोबर वाळू बघत बसले.